पुसलेले तेल

दिवाळी अंकात तेलाचा विषय निघाला तर त्यात नवल वाटण्याजोगे काही नाही. अभ्यंगाचे तेल, पणतीतले तेल, चकलीच्या कढईतले तेल. या चार दिवसांत घराघरांतून तेल नाना वाटांनी वाहत असते. पण मी आज ज्या तेलाविषयी लिहायला बसलो आहे ते यांपैकी कोणतेही नव्हे. ते काळे, चिकट, धुळीने माखलेले तेल होते. माझ्या पुतण्याच्या पिकअप गाडीच्या मागल्या उजव्या चाकापाशी ते पाझरत होते, आणि गेल्या वर्षी वसुबारसेच्या आदल्या संध्याकाळी त्याने ते माझ्या डोळ्यांदेखत डिझेलमध्ये बुडवलेल्या चिंधीने पुसून टाकले. मी शेजारी उभा होतो आणि मी त्याला अडवले नाही. त्या न अडवण्याची ही हकीकत आहे.

हकीकत क्षुल्लक आहे हे आधीच कबूल करतो. कोणाचा जीव गेला नाही, कोर्टकचेरी झाली नाही, दोन घरांत वितुष्टही आले नाही. पण मी आयुष्यभर मुलांच्या परीक्षा घेत आलो, आणि त्या अनुभवावरून एक गोष्ट सांगतो. शाळेतल्या परीक्षेचे वेळापत्रक आधी लागते. माणसाच्या नीतीच्या परीक्षेचे लागत नाही. ती बहुधा अशा चिंधीएवढ्या प्रसंगातच होऊन जाते, आणि परीक्षा चालू होती हे आपल्याला पेपर गोळा झाल्यावर कळते.

माझा पुतण्या कोरेगाव तालुक्यात शेती करतो. आमच्या सातारा जिल्ह्यात आल्याचे पीक बरेच. ते काढायचे, धुवायचे, पोत्यांत भरायचे आणि बाजाराला न्यायचे, हे त्याचे वर्षाचे चक्र. त्यासाठी त्याने आठ वर्षांपूर्वी पिकअप घेतली. हौद्यात कधी आले, कधी खताची पोती, कधी गावातले वऱ्हाड, तर कधी आळीचा गणपती. त्या गाडीने काय वाहिले नाही तेवढेच विचारावे! आता त्याला मोठी गाडी हवी होती, म्हणून ही काढायची होती. तासगावकडचे एक बेदाण्याचे व्यापारी ती घ्यायला तयार झाले. ते एकदा येऊन गाडी पाहून गेले, भाव ठरला, विसार मिळाला. वसुबारसेला सांगलीत भेटायचे, उरलेले पैसे घ्यायचे, २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मांवर सह्या करायच्या आणि गाडी त्यांच्या हवाली करायची, असा बेत होता. घरातला वडीलधारा म्हणून मी बरोबर जाणार होतो.

त्याच्या आठ दिवस आधी आम्ही दोघे साताऱ्यातल्या एका मिस्त्रीकडे गेलो होतो. गाडीच्या मागल्या बाजूने खडखड येत होती. मिस्त्री गाडीखाली सरकला, मागच्या दोन्ही शॉकअपांना त्याने एकेकदा तळवा लावला आणि तो म्हणाला, “डावा जिता हाय. उजवा गेलाय.”

“नुसता हात लावून कसे कळले?” मी विचारले.

“गुरुजी, तुम्ही आत्ता खड्ड्याखुड्ड्यांतनं आलाय न्हवं? काम करणारा शॉकअप तापतो. ह्यो डावा बघा, गरम हाय. उजवा गार पडलाय. म्हंजी त्यानं काम केलंच न्हाई.”

ज्या वाचकांचा गाडीच्या पोटाखाली जाण्याचा प्रसंग येत नाही त्यांच्यासाठी इथे थोडा खुलासा केला पाहिजे. शॉक ॲब्सॉर्बर, म्हणजे आपल्या लोकांच्या तोंडचा शॉकअप, हा धक्का सोसतो असे नावावरून वाटते. वस्तुतः रस्त्याचा धक्का प्रथम झेलतात ते स्प्रिंगचे पाटे. पण पाट्याचा स्वभाव असा की घेतलेले तो परत देतो. खड्ड्यात दबला की उसळतो, उसळला की पुन्हा दबतो, आणि एका धक्क्याचे दहा हेलकावे करतो. या हेलकाव्यांना आवर घालण्याचे काम शॉकअपचे. त्याच्या बंद नळकांड्यात तेल असते आणि तेलात एक दट्ट्या वरखाली होतो. दट्ट्याला बारीक वाटा ठेवलेल्या असतात; त्यांतून तेलाला मोठ्या कष्टाने वाट काढावी लागते. त्या कष्टात हेलकाव्याचा जोर जिरतो, त्याची उष्णता होते आणि ती वाऱ्यावर निघून जाते. धक्का तिथे संपतो. पुढे कोणाला लागत नाही. म्हणून काम करणारा शॉकअप तापतो. मिस्त्रीच्या तळव्याचे शास्त्र ते हे.

तेल दिसले की शॉकअप गेला असेही नव्हे. दांडा आतबाहेर होताना त्याच्यावर तेलाची पुसट ओल येते, ती चालते. पण ओल नळकांड्यावरून ओघळू लागली, तिच्यावर धूळ बसून चिखल झाला, की समजावे की तोंडाशी बसवलेले ऑइल सील कामातून गेले. मिस्त्रीने हा फरक एका वाक्यात सांगितला: “घाम येनं येगळं आन् रगात व्हानं येगळं.” आमच्या गाडीचे रक्त वाहत होते.

गंमत अशी की, असा शॉकअप घेऊनही गाडी चालते. इंजिन सुरू होते, माल पोचतो, दिवे लागतात. चालकाला फक्त मागे थोडे डचमळल्यासारखे वाटते, आणि त्याचीही आठ दिवसांत सवय होते. पण खडबडीत रस्त्यावर ते चाक जमिनीला नीट धरून राहत नाही, उड्या मारते. हवेत असलेल्या चाकाला ब्रेक लावून काय उपयोग? गाडी थांबायला हवी तिथे न थांबता चार पावले पुढे जाऊन थांबते, आणि त्या चार पावलांत कोण उभे असेल ते सांगता येत नाही. टायरही सारखा झिजत नाही. त्यावर हात फिरवला तर ठिकठिकाणी खळगे लागतात. मिस्त्रीने माझा हात धरून तो टायरवर फिरवला होता. म्हणजे मला ठाऊक नव्हते असे म्हणायची सोय मला उरली नव्हती.

हा शॉकअप कंपनीचा नव्हता, बाहेरचा होता. पहिला बाद झाला तेव्हा पुतण्याने एका दुकानातून स्वस्तात आणला होता. पावती घेतली नव्हती, कारण पावतीवाचून आणखी थोडा स्वस्त मिळत होता. ‘बाहेरचा माल असाच!’ असे तो चिडून म्हणाला. मिस्त्रीने मात्र दुकानदाराला सरसकट दोषी धरले नाही. बाहेरचा माल सगळाच वाईट नसतो, असे त्याचे म्हणणे. सील हलके असेल. पण दांड्यावरचे रबरी आवरण फाटून किती दिवस झाले होते? त्या वाटेने वाळूचे कण दांड्याला चिकटले, त्यांनी सील कातरले. शिवाय हौद्यात कायम जास्तीचा माल. “शॉकअपनं तरी किती सोसायचं?” असे म्हणून त्याने दोन्ही बदलायला सांगितले, कारण एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला थकलेला असला तर गाडीचा तोल साधत नाही. पुतण्या म्हणाला, “गाडी विकायचीच हाय. आता कशाला?” आणि आम्ही परतलो.

‘बाहेरचा’ या शब्दावरून मला आमच्याच मुलखातली एक जुनी गोष्ट आठवते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा तो शेतकऱ्यांना बाहेरचाच होता. लोखंडाने जमीन नासते अशी समजूत होती, आणि तो खपायला फार सायास पडले. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. ती आज सांगली जिल्ह्यात आहे. ज्यांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली ते भाऊराव पाटीलही त्याआधी गावोगाव फिरून हे नांगर विकत होते. लोखंडाच्या नांगराआधी विकणाऱ्याचा शब्द शेतात चालवावा लागतो, हे त्या पिढीला ठाऊक होते. वस्तू कंपनीची की बाहेरची, हा प्रश्न त्या मानाने दुय्यम. ती कोणी कोणत्या शब्दावर दिली, हा पहिला.

आता त्या संध्याकाळकडे येतो. पुतण्या गाडीखाली पाठीवर पडून ते तेल पुसत होता. मी विचारले, “हे काय चाललेय?”

“गाडी साफ करून द्यावी माणसानं, आण्णा. दिवाळी हाय.”

“सगळी गाडी धुळीत आहे. तू तेवढेच का पुसतोस?”

तो बाहेर आला. त्याला राग आला होता, आणि मला वाटते तो माझ्यावर नव्हता. तो म्हणाला, “मला हा शॉकअप दिला तेव्हा दुकानदारानं सांगितलं का, वर्षात गळंल म्हणून? मीबी फसलोच की. आन् पाव्हण्यांनी इचारलं तर मी खोटं बोलणार न्हाई. पर न इचारता आपल्याच मालाला आपण नावं ठेवायची का?”

या उत्तरात दोन युक्तिवाद आहेत. ‘विचारले तर सांगेन’ हा एक, आणि ‘मीही फसलो’ हा दुसरा. मला त्या वेळी दोन्ही पटले असे नाही. पण मला ते सोयीचे वाटले. गाडी त्याची, व्यवहार त्याचा, पैसे त्याचे. आपण म्हाताऱ्याने मध्ये का पडावे? मी हात धुऊन जेवायला बसलो.

पहिला युक्तिवाद पुतण्याने शोधून काढलेला नाही. तो फार जुना आहे. रोमन पंडित सिसेरो याने इ. स. पूर्व ४४ मध्ये आपल्या मुलासाठी कर्तव्यावर एक ग्रंथ लिहिला. त्यात तो एका घराचे उदाहरण घेतो. घर दिसायला चांगले आहे. पण त्याचे लाकूड सडले आहे आणि निजायच्या खोल्यांतून साप निघतात. हे धन्यावाचून कोणालाही ठाऊक नाही. विकताना त्याने ते सांगावे काय? डायोजेनिस नावाचा तत्त्वज्ञ म्हणतो, धन्याने कोणाला बळजबरी केलेली नाही, खोटेही सांगितलेले नाही. घेणाऱ्याला डोळे आहेत. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, वाट चुकलेल्याला वाट न दाखवणे हे जर पाप, तर जाणूनबुजून माणसाला चुकू देणे हे त्याहून मोठे पाप. सिसेरो शिष्याच्या बाजूने निकाल देतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, नुसते न बोलणे म्हणजे लपवणे नव्हे. परंतु ज्याला कळण्यात त्याचे हित आहे त्याला ते आपल्या फायद्यासाठी कळू नये अशी इच्छा धरणे, हे लपवणे होय.

आपल्या भाषेने हा निकाल फार थोडक्यात दिला आहे. वस्तूतल्या उणिवेला आपण ‘खोट’ म्हणतो आणि असत्याला ‘खोटे’. खोट असणे हा काही गुन्हा नाही. आठ वर्षे राबलेल्या गाडीत ती असायचीच. ती झाकली की तिचे खोटे होते. खरसुंडीच्या बाजारात खिल्लारी बैल घेणारा दात पाहतो, बैलाला चालवून पाहतो, आणि मग धन्याच्या तोंडाकडे पाहून विचारतो, ‘काही खोड?’ दात पाहून झाल्यावरही तो हा प्रश्न विचारतो, कारण काही गोष्टी फक्त धन्यालाच ठाऊक असतात. डायोजेनिसने मौनाची वकिली केली, पण चिंधीची वकिली त्यालाही जड गेली असती. चिंधी मौन नसते. ‘इथे काही नाही’ असे ती स्पष्ट बोलत असते.

दुसऱ्या दिवशी आम्ही पहाटे निघालो. सातारा, उंब्रज, कऱ्हाड, पेठ नाका, आष्टा असे करत सांगलीला पोचेपर्यंत मी पाठीमागच्या त्या डचमळण्याकडे लक्ष देत होतो. आमच्या घरातल्या जुन्या पुस्तकांत १८७२ च्या करार कायद्याचे एक पुस्तक आहे. वाटेत मला त्यातला घोडा आठवू लागला. कायद्याचे सतरावे कलम फसवणुकीची व्याख्या करते आणि खाली उदाहरणे देते. एक मनुष्य लिलावात घोडा विकतो. घोडा सदोष आहे हे त्याला माहीत आहे; तो गप्प राहतो. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. हे आठवून मला गाडीत बरे वाटले, हे सांगायला मला आज लाज वाटते. कारण त्याच्याखाली आणखी दोन उदाहरणे आहेत आणि तीही मला पाठ होती. घेणारी व्यक्ती ही विकणाऱ्याची नुकतीच वयात आलेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळेच सांगणे हे बापाचे कर्तव्य ठरते. आणि घेणारा जर म्हणाला, ‘तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा निर्दोष आहे असे मी धरून चालेन’, तर मग गप्प राहणे आणि बोलणे यांत कायदा भेद करत नाही.

मी पहिल्या उदाहरणावर स्वार होऊन सांगलीत आलो, आणि सांगलीत तिसरे उदाहरण माझी वाट पाहत बसले होते.

मार्केट यार्डाजवळच्या एका हॉटेलात आम्ही बसलो. बाहेर पणत्या आणि आकाशकंदील यांची दुकाने लागली होती. व्यापारी गृहस्थ साठीच्या घरातले, अंगात पांढरा सदरा, बोलणे मोजके. चहा आला. त्यांनी बशीत चहा ओतला आणि माझ्याकडे पाहून ते म्हणाले, “गुरुजी, तुम्ही स्वतः आलाय म्हटल्यावर मी काय आता गाडीखाली वाकत नाही. तुमच्या घरची गाडी म्हणजे बघायला नको.”

पुतण्याने खाली पाहिले. मी चहाचा घोट घेतला. घोट घ्यायला फार तर दोन क्षण लागतात. तेवढ्यात बोलता आले असते. ‘बघायला हवे, उजवा शॉकअप गळतो आहे’, एवढे सहा शब्द होते. मी आयुष्यभर वर्गात बोललो, सभांतून बोललो, सत्यावर मुलांकडून निबंध लिहून घेतले. आणि तिथे ते सहा शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत. मग पैसे मोजले गेले, सह्या झाल्या. व्यापाऱ्यांचा ड्रायव्हर गाडी घेऊन गेला. नंबरपाटीवरचे साताऱ्याचे ११ सांगलीच्या १० मध्ये मिसळून दिसेनासे झाले.

परतीच्या एस. टी. त आम्ही शेजारी बसलो होतो. बराच वेळ कोणी बोलले नाही. माझ्या मनात त्या व्यापाऱ्यापेक्षा तो ड्रायव्हर येत होता. तो तेवीस-चोवीस वर्षांचा असेल. जाताना त्याने मला वाकून नमस्कार केला होता. करार दोघांत होतो, घेणारा आणि देणारा. कायद्याचे पुस्तक त्या दोघांपुरतेच बोलते. पण रस्त्यावर तिसरा असतो. बेदाण्याच्या पेट्या भरलेली ती गाडी एखाद्या शाळेसमोर चार पावले पुढे जाऊन थांबली, तर त्या तिसऱ्याने कोणत्या फॉर्मवर सही केली होती?

कऱ्हाडच्या स्थानकावर गाडी थांबली तेव्हा मी म्हणालो, “फोन लाव.” पुतण्याने कुणाला असे विचारले नाही. त्याने नंबर लावला आणि मला वाटले तो फोन माझ्याकडे देईल. तो त्याने दिला नाही. तो स्वतःच बोलला. शॉकअप बाहेरचा आहे, तो गळतो, आठ दिवसांपूर्वी मिस्त्रीने दोन्ही बदलायला सांगितले होते, काल मी तेल पुसले. सगळे त्याने एका दमात सांगितले. मग तो बराच वेळ ऐकत राहिला आणि त्याचे कान लाल झाले.

व्यापारी म्हणाले होते, “ते मला पहिल्या भेटीलाच दिसलं होतं. भाव करतानाच धरलं. तवा तो काळा होता. आज बघितला तर सगळी गाडी धुळीत आन् तेवढाच शॉकअप नवरीगत लख्ख. म्हटलं, बघू या, गुरुजी सांगत्यात का.” थोडे थांबून ते म्हणाले, “बरं झालं फोन केला.” पैसे परत देण्याची गोष्ट पुतण्याने काढली तेव्हा ते हसले. “जोडीनंच बदलायला पायजेत. एक तुमचा, एक माझा. मी माल भरायच्या आधी बदलणारच होतो.”

आता वाचक विचारतील, घेणाऱ्याला आधीच ठाऊक होते, भावात ते धरलेही होते. मग फसवणूक कुठे झाली? मीही स्वतःला हे विचारून पाहिले. ज्याला ठाऊक आहे त्याला फसवता येत नाही, हे खरे. पण आम्हाला ते ठाऊक नव्हते! आम्ही आमच्या परीने एका माणसाला अंधारात ठेवलेच होते. तो अंधारात नव्हता हे त्याचे कर्तृत्व. नेम चुकला म्हणून दगड मारणाऱ्याचा हात निर्दोष ठरत नाही.

आणि आणखी एक गोष्ट मला तेव्हा उमगली. त्या हॉटेलात ते गृहस्थ सारे ओळखून आमच्यासमोर बसले होते. चार माणसांत ते सहज म्हणू शकले असते, ‘गुरुजी, हे काय पुसून आणलंय?’ त्यांनी मला बोलायला एक जागा करून दिली. मी बोललो नाही, तरी त्यांनी माझी अब्रू राखली आणि चहाचे पैसे दिले. आमच्याकडून आलेला धक्का त्यांनी आपल्यापाशी जिरवला. त्या टेबलाशी त्या दिवशी काम करत असलेला शॉकअप एकच होता.

इथे पुतण्याच्या दुसऱ्या युक्तिवादाचे उत्तर मिळते. ‘मीही फसलो’ असे तो म्हणाला होता, आणि ते खोटे नव्हते. पण त्याला धक्का दिला दुकानदाराने, आणि तो परत करायला निघाला होता तासगावच्या व्यापाऱ्याला, ज्याने त्याचे काहीच बिघडवले नव्हते. आपण रोज हेच करतो. कचेरीत साहेब बोलला की घरी येऊन मुलावर ओरडतो. बाजारात खोटी नोट अंगावर पडली की संध्याकाळच्या गर्दीत ती भाजीवालीला देतो. आपल्याला वाटते आपण हिशेब चुकता केला. वास्तविक आपण पाट्याचे काम केलेले असते: घेतलेला धक्का जसाच्या तसा उसळून पुढे दिला, आणि एकाचे दहा हेलकावे झाले. अन्याय कुठे सुरू झाला हे शोधणे पुष्कळदा आपल्या हाती नसते. तो आपल्यापाशी संपवावा की नाही, एवढे मात्र हाती असते. संपवायचा तर झीज सोसावी लागते, थोडे तापावेही लागते. तो खर्च टाळता येत नाही.

याचा अर्थ दुकानदाराला सोडून द्यावे असा मात्र नव्हे. सोसणे आणि लोळागोळा होऊन पडणे यांत अंतर आहे. मिस्त्री म्हणाला तसे, शॉकअपने तरी किती सोसायचे? ज्याचा दोष त्याला तो सांगितलाच पाहिजे, पावती मागून घेतली पाहिजे, माल परत केला पाहिजे. धक्का परत द्यायचाच तर तो आला त्या वाटेने द्यावा, पुढल्या वाटसरूला नव्हे.

महाभारतात धर्मराजाच्या रथाची एक कथा आहे. त्याच्या सत्यनिष्ठेमुळे तो रथ जमिनीपासून चार बोटे वर चालत असे. अश्वत्थामा मेला, असे त्याने द्रोणाचार्यांना सांगितले आणि ‘हत्ती’ हा शब्द पुटपुटला. त्या क्षणी रथ जमिनीला टेकला. लहानपणी मला ही शिक्षा अगदी किरकोळ वाटायची. चार बोटे खाली आल्याने काय होते? आता वाटते, त्या दिवसापासून धर्मराजाला प्रथमच रस्त्याचे खड्डे लागले असतील. त्याने खोटा शब्द उच्चारला नव्हता. खरा शब्द ऐकू जाणार नाही अशा बेताने उच्चारला होता. माझ्या पुतण्याच्या चिंधीत आणि त्या पुटपुटण्यात मला फारसा फरक दिसत नाही. आमच्या चहाच्या घोटात आणि त्यात तर मुळीच नाही.

भाऊबीज झाल्यावर पुतण्याने एका शॉकअपचे पैसे तासगावला पाठवले. मग तो त्या दुकानात गेला. भांडायला नव्हे, पावती नसल्याने भांडण्याची सोय त्यानेच घालवली होती. तो एवढेच म्हणाला, “हा माल गळतो. तुम्हांला माहीत नसंल, म्हणून सांगाय आलो. पुढच्या गिऱ्हाइकाला सांगून द्या.” दुकानदाराने खांदे उडवले. तो पुढच्या गिऱ्हाइकाला सांगेल की नाही, कोण जाणे. पण आता त्याला ठाऊक नाही असे त्याला म्हणता येणार नाही. त्याची परीक्षा त्याच्याजवळ राहिली.

यंदा पुतण्याने मोठी गाडी घेतली, तीही जुनीच. घेताना तो स्वतः गाडीखाली गेला, दोन्ही बाजूंना हात लावून बाहेर आला, आणि मग उभे राहून धन्याच्या तोंडाकडे पाहत त्याने विचारले, “काही खोड?” धनी क्षणभर थांबला आणि म्हणाला, “क्लच जरा वर धरतोय.” पुतण्याने त्याला तिथेच चहा पाजला. भावात किती सूट मिळाली ते मी विचारले नाही.

वाचकहो, आज-उद्या आपल्या घरी लक्ष्मीपूजन होईल, वह्यांवर कुंकवाची बोटे उमटतील. त्या वह्यांत कोणाकडून काय आले आणि कोणाला काय दिले याची नोंद असते. आलेले सगळेच पुढे द्यायचे नसते, ही नोंद त्यात नसते. ती ज्याची त्याने ठेवायची. आपली दिवाळी सुखाची जावो, आणि वाटेत खड्डे लागलेच तर शेजारच्याला ते कमी लागोत.